मामा, रेट अजून खाली येईल का?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. चाकणला एका कंपनीत आहे, लग्नाला दोन वर्षं झाली, भाड्याने राहतो. तिथंच एक वन बीएचके बघून ठेवलाय. म्हणाला, "मामा, तू पेपरवाला आहेस, तू सांग. रिझर्व्ह बँकेने परत रेट कमी केला म्हणतात. अजून खाली येईल का? सहा महिने थांबू का?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या उद्याला आता चार दिवस झाले. दरम्यान बार्शीत एसटी स्टँडवर एकाने, मग सलूनमध्ये एकाने हाच प्रश्न विचारला. म्हणून इथंच लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एवढंच समजून घ्या. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो रेपो. तो वर-खाली झाला की आपल्या गृहकर्जाचा दर त्याच्या मागे जातो. कधी लगेच, कधी रेंगाळत. आणि वर जाताना जेवढी घाई असते तेवढी खाली येताना नसते, हे ज्यांनी कर्ज फेडलंय त्यांना मी सांगायला नको.

आमच्या वडिलांनी १९८६ला दोन खोल्या बांधल्या तेव्हा व्याजदर हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. फंडातून ना-परतावा उचल घेतली, आईच्या पाटल्या मोडल्या, एका मावशीने तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे दिले. स्लॅब पडला, गिलावा पुढं चार वर्षांनी झाला. बहुतेकांची घरं अशीच उभी राहिली. बँका १९६९ला सरकारी झाल्या होत्या, पण त्यांचा पैसा शेतीला, कारखान्याला. घरासाठी कर्ज मागायला बँकेत जायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. सरकारी नोकरांना घरबांधणी अग्रिम मिळे, बाकीच्यांनी आपापलं बघायचं.

हे बदलायला सुरुवात केली एका निवृत्त माणसाने. हसमुखभाई पारेख आयसीआयसीआयमधून निवृत्त झाले होते, वय ६६. या वयात माणसं नातवंडं खेळवतात. त्यांनी १९७७ साली एचडीएफसी काढली, फक्त घरासाठी कर्ज देणारी कंपनी. पगारदार माणूस वीस वर्षं हप्ता भरेल यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. पुढं १९८८ला नॅशनल हाउसिंग बँक आली आणि या धंद्याला रीतसर रूप आलं.

मग १९९१. परकीय चलन संपत आलं, देशाने सोनं गहाण टाकलं. महागाई भडकली. रिझर्व्ह बँकेने बँक रेट त्या ऑक्टोबरात १२ टक्क्यांवर नेला आणि पुढं काही वर्षं तो तिथंच होता. नव्वदच्या दशकात गृहकर्ज पंधरा टक्क्यांच्या घरात होतं. म्हणजे एक लाखाला पंधरा वर्षांसाठी महिना १,४०० रुपये हप्ता. आज साडेसात टक्क्यांनी तोच हप्ता ९२७ रुपये होतो. त्या काळी आमच्या गल्लीतले एक काका कर्ज काढून घर बांधत होते आणि आई त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलायची, जणू घरात कुणी आजारी आहे.

मुंबईत तर त्या वेळी दुहेरी मार बसला. १९९५च्या आसपास घरांच्या किमती शिगेला होत्या, त्यानंतर काही वर्षं त्या घसरत गेल्या. ज्यांनी तेव्हा घेतलं त्यांनी महाग घर महाग व्याजाने घेतलं. हे लक्षात ठेवा, कारण "जागेचा भाव कधी खाली येत नाही" असं म्हणणारे एजंट अजून भेटतात.

२००३-०४ला चक्र उलटं फिरलं. बँकांकडे पैसा पडून होता, उद्योग कर्ज घेत नव्हते, मग बँकांना एकदम आपली आठवण झाली. साडेसात-आठ टक्क्यांनी कर्ज मिळू लागलं. २००१च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत दीड लाखापर्यंत गेली होती, त्याचीही भर पडली. मी तेव्हा नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून तालुका वार्ताहर झालो होतो. मानधन सांगत नाही, उगाच हसाल.

तेव्हाचे स्वस्त दर टिकले नाहीत. २००४ला ६ टक्क्यांवर असलेला रेपो जुलै २००८ला ९वर गेला. तेव्हाच्या बातम्या मी स्वतः लावल्यात, "कर्जदारांचे कंबरडे मोडले" या छापाच्या. अजून वाढणार असं सगळे म्हणत होते. आणि सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या सहा-सात महिन्यांत आपला रेपो ९वरून थेट ४.७५वर आला. जुलैत हे भाकीत केलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

त्यात मी सापडलो.

२००९ला काही बँकांनी योजना काढल्या. पहिलं वर्ष ८ टक्के, पुढची एक-दोन वर्षं थोडा जास्त, त्यानंतर बाजारभावाने. मी तेव्हा २९ वर्षांचा. बार्शीतच फ्लॅट बघितला, १० लाखांचं कर्ज, २० वर्षं, हप्ता ८,३६४. पुढच्या ओळी मी वाचल्याच नाहीत. दुसऱ्यांच्या सहीच्या कागदात चुका शोधणं हा माझा धंदा, आणि स्वतःच्या कागदावर जिथं पेन्सिलची खूण होती तिथं सह्या करत गेलो.

मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या दीड वर्षात रिझर्व्ह बँकेने तेरा वेळा दर वाढवले. ४.७५चा रेपो ८.५ झाला. प्रत्येक वाढीची बातमी मी दिली. आणि माझा हप्ता मात्र तोच राहिला, ८,३६४. मी खूश. वाटलं, आपला करार पक्का आहे.

२०१२च्या वसंतात करासाठी व्याजाचा दाखला आणायला बँकेत गेलो. बँक कोणती ते महत्त्वाचं नाही. काउंटरवरच्या मॅडमनी कागद काढून दिला. त्यावर उरलेली मुदत होती ३२० महिने. मी म्हटलं, मॅडम, चुकलंय, २०४ पाहिजे. त्या म्हणाल्या, "सर, हप्ता वाढवला नाही ना, म्हणून मुदत वाढली. सिस्टीम आपोआप करते."

मी तिथंच बाकावर बसलो आणि हिशेब केला. तीन वर्षांत ३ लाख १ हजार भरले होते. मुद्दल कमी झालं होतं ४८ हजारांनी. बाकी सगळं व्याजात गेलं. १७ वर्षं उरायला हवी होती, तिथं जवळजवळ २७. म्हणजे ४९व्या वर्षी संपणारं कर्ज साठीला टेकलं होतं. आणि मला कुणी पत्र पाठवलं नाही, फोन केला नाही. हप्ता तोच ठेवणं ही सवलत होती म्हणे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, भाकरी करत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता किती भरायचे?" ९,५७० भरायचे, म्हटलं. तेव्हापासून आम्ही तेवढा भरतो. मधे दर खाली आले तरी हप्ता कमी करून घेतला नाही. अजून दोन वर्षं बाकी आहेत.

हे फक्त माझ्या बाबतीत घडलं नाही, म्हणून सांगतोय. त्या काळात बँका आपला दर स्वतःच्या मूळ दराला जोडायच्या, आणि तो मूळ दर कसा ठरतो ते त्यांनाच ठाऊक. नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त, जुन्याला महाग. रिझर्व्ह बँकेलाही हे पटत नव्हतं. जुलै २०१०ला तिने बेस रेट आणला. तो चालेना, म्हणून एप्रिल २०१६ला एमसीएलआर. तोही चालेना, मग १ ऑक्टोबर २०१९पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग गृहकर्जांना बाहेरचा मापदंड लावला, बहुतेकांनी रेपो घेतला. तीन महिन्यांतून किमान एकदा दर बदललाच पाहिजे. मधे जून २०१२ला फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यावरचा दंड बँकांना बंद केला. आणि ऑगस्ट २०२३ला सांगितलं की दर वाढला तर कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला विचारा. माझ्या बाकावरच्या दुपारनंतर अकरा वर्षांनी. असो, आला तर खरा.

एक गोष्ट मात्र आपल्या भागासाठी महत्त्वाची. २०१९चा हा रेपोचा नियम व्यापारी बँकांना आहे. हाउसिंग फायनान्स कंपनी, नागरी सहकारी बँक, पतसंस्था यांना ते बंधन नाही. आपल्याकडे निम्मी कर्जं तिथूनच होतात, कारण कागद कमी लागतात, ओळखीने काम होतं. तिथं रेपो कमी झाल्याची बातमी वाचून आनंदी होऊ नका, आधी जाऊन विचारा.

आता थांबणाऱ्यांची गोष्ट. माझा एक मित्र, प्राध्यापक. २०१६ला त्याने २२ लाखांचा फ्लॅट पक्का केला होता. ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. व्हॉट्सअॅपवर सगळीकडे एकच, आता जागेचे भाव निम्म्यावर येणार, व्याज पाच टक्के होणार. व्याज खरंच कमी झालं, जानेवारी २०१७ला बँकांनी दर चांगले उतरवले. भाव काही निम्मे झाले नाहीत. तो थांबला. मग अजून थांबला. महिना ६,००० भाडं भरत राहिला.

२०२०ला कोविड आला. २७ मार्चला रेपो ४.४, २२ मेला ४. इतका खाली तो आधी कधीच आला नव्हता. त्यात राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क शहरी भागात ५वरून २ टक्क्यांवर आणलं. रजिस्ट्रार ऑफिसात डिसेंबरात पाय ठेवायला जागा नव्हती, मी बातमी केली होती. मित्राने त्या गर्दीत २७ लाखांना घेतला, २० लाखांचं कर्ज, ६.९ टक्क्यांनी. हप्ता १५,४००च्या आत. मला फोन करून म्हणाला, "बघ, चार वर्षं थांबलो, पण तळ गाठला."

तळ त्याने गाठला होता हे खरंच. मग ४ मे २०२२. एलआयसीचा आयपीओ उघडला त्याच दिवशी दुपारी, बैठकीचं वेळापत्रक नसताना, गव्हर्नर शक्तिकांत दास टीव्हीवर आले आणि रेपो ४.४ केला. युक्रेनच्या युद्धाने तेल आणि महागाई भडकली होती. फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ६.५ झाला. अडीच टक्के, नऊ-दहा महिन्यांत. मित्राचा दर ६.९वरून ९.४. मुदत न वाढवता फेडायचं म्हटल्यावर हप्ता १८,२००च्या पुढं गेला. ज्या माणसाने आयुष्यातल्या सगळ्यात स्वस्त दराला कर्ज घेतलं, तो दोन वर्षांत बाकीच्यांच्याच रांगेत येऊन उभा राहिला. जागेला मात्र पाच लाख जास्त मोजले होते, आणि भाड्याचे तीन लाख वेगळे.

यात त्याची चूक फार नव्हती. आपल्याकडचं कर्ज फ्लोटिंग असतं हे तो विसरला, एवढंच. अमेरिकेत तीस वर्षं एकच दर ठेवणारं कर्ज सर्रास मिळतं. तिथं जानेवारी २०२१ला ते सरासरी २.६५ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं, आणि १९८१च्या ऑक्टोबरात १८च्या वर होतं. ज्याने २०२१ला घेतलं त्याचा दर २०५१पर्यंत तोच. त्यामुळे तिथल्या माणसाने मुहूर्त साधण्यात अर्थ आहे. आमच्या नात्यातला न्यू जर्सीतला एक मुलगा त्या दराला चिकटून बसलाय, घर बदलायची इच्छा असूनही बदलत नाही, कारण नवं कर्ज दुपटीहून महाग. यूट्यूबवर "घर घ्यायची योग्य वेळ" सांगणारे बरेच जण तिकडचा सल्ला उचलून इकडं देतात. आपल्याकडे आज घेतलं आणि उद्या रेपो उतरला तर तो आपल्यालाही उतरतो. उद्या चढला तर आज घेतलेल्यालाही चढतो. तारखेने पक्की होते ती जागेची किंमत आणि कर्जाची रक्कम. आणि रेपोवर बँक जी आपली भर घालते, जिला स्प्रेड म्हणतात, ती बऱ्यापैकी. घासाघीस करायची ती तिथं करा.

आणखी एक गोष्ट जुनी कात्रणं चाळताना लक्षात आली. गेल्या वीस वर्षांत रेपो पाचच्या खाली दोनदाच गेला. एकदा २००९ला, एकदा २०२०ला. एकदा जग बुडत होतं, एकदा आपण घरात कोंडलेले होतो. २०२०ला आमच्या पेपरची पानं निम्मी झाली, पगारही निम्मा. इतिहासातलं सगळ्यात स्वस्त कर्ज दारात उभं होतं आणि मी किराणा उधार आणत होतो. ज्याची नोकरी शाबूत होती त्याने फायदा घेतला, माझ्या ओळखीचे तसे सगळे शिक्षक किंवा सरकारी नोकर. चाकणच्या कंपन्यांत तेव्हा कंत्राटी पोरांना घरी पाठवत होते. म्हणून "अजून खाली येईल का" असं कुणी विचारलं की माझ्या मनात येतं, खूप खाली आला तर तुझी नोकरी असेल का?

(२००३-०४चा काळ याला अपवाद, तेव्हा असं काही संकट नव्हतं. तेही सांगायला हवं.)

आता आजचं. ६.५वर जवळजवळ दोन वर्षं बसलेला रेपो २०२५च्या फेब्रुवारीत ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम ५.५, आणि डिसेंबरात ५.२५. एका वर्षात सव्वा टक्का. ऑक्टोबरात किरकोळ महागाई ०.२५ टक्का नोंदली गेली, या मालिकेतली सगळ्यात कमी. रिझर्व्ह बँकेला कायद्याने ४ टक्क्यांच्या आसपास महागाई ठेवायची असते, दोन टक्के वर-खाली चालतं. त्यामुळे पाव टक्का अजून उतरणं अशक्य नाही. पण भाज्यांचे भाव पुन्हा चढले, रुपया घसरला, तेल महागलं, की हीच गाडी उलटी फिरते. जुलै २००८ आणि एप्रिल २०२२ला माझ्यापेक्षा शंभरपट हुशार माणसं चुकली, मी पैज लावणार नाही.

भाच्याचा हिशेब मात्र मी लावला. फ्लॅट ३६ लाखांचा, कर्ज ३० लाख, २० वर्षं. साडेसात टक्क्यांनी हप्ता २४,१६८. पाव टक्का उतरला तर २३,७११. फरक ४५७ रुपये, आणि आत्ता घेतलं तरी तो फरक मिळणारच आहे. दोन टक्के चढला, जसा २०२२ला चढला, तर सुरुवातीच्या काळात हप्ता २८ हजारांच्या आसपास.

भाच्याचा पगार हातात ३८ हजार. सूनबाईंचा १४. आणि मेमध्ये बाळ येणार आहे, म्हणजे ती काही महिने तरी घरी. ३८मधून २४ गेले तर १४ उरतात. त्यात चाकणला तीन माणसं, दवाखाना, गावाकडे आईला पाठवायचे. रेपो ५.२५ असो नाहीतर ५, हे १४ हजार हलत नाहीत. आज भाडं ११ हजार आहे.

म्हणून काल त्याला फोन करून सांगितलं, रेटसाठी थांबू नको. थांबायचंच तर बाळासाठी थांब, वर्षभरात २४ आणि ११मधला फरक, महिना १३ हजार, आरडीत टाकून बघ जमतं का. जमलं तर हप्ता पेलेल, आणि दीड लाख हाताशी येतील. किंवा २२ लाखांच्या कर्जात बसेल असं काहीतरी बघ, हप्ता १७,७००च्या आसपास येतो. मधल्या वर्षात भाव वाढेल का? वाढेलही थोडा. पण माझं मत असं की वाढलेला भाव दिसतो, मोजता येतो. लांबत गेलेली मुदत दिसत नाही.

आज सकाळी बहिणीचा फोन. "दादा, काय सांगितलंस रे त्याला? घर घ्यायचंच नाही म्हणतोय, सून रडतेय." मी म्हटलं, असं मी म्हणालोच नाही. ती म्हणाली, "तुला लिहिता येतं, बोलता येत नाही." तर आता रविवारी चाकणला जातोय. बिल्डरचा कोट, त्याची पगाराची स्लिप आणि एक कोरी वही सोबत. सूनबाईंनाही हिशेबाला बसवणार आहे.

ज्यांचं कर्ज २०१९च्या आधीचं आहे त्यांनी तेवढ्यात एक करा. बँकेत जाऊन आपला दर कशाला जोडलाय आणि उरलेले महिने किती, हे लेखी मागा. थोडे पैसे भरून जुन्या कर्जाला नवा दर लावता येतो. किती महिने निघाले ते खाली कॉमेंटमध्ये सांगा. माझा ३२०चा विक्रम कुणी मोडला असेल तर तेही कळू द्या.